बर्लिनच्या खांबांवरची परिपत्रकं: एका निवृत्त कारकुनाचा अभिप्राय

लेकीकडे बर्लिनला दोन महिने राहून आलो. तिथे पैसे देऊन जे पाहिलं ते आधी सांगून टाकतो. पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी हौसेने महायुद्धाच्या खुणा दाखवणारी एक पायी सहल बुक केली, माणशी २२ युरो. दोन तासांत नऊ ठिकाणं. गाईड मुलगा चुणचुणीत, पण छत्री उंच धरून असा पळत होता की जणू त्याची गाडी सुटणार आहे. हिटलरच्या बंकरच्या जागी आता गाड्या लावतात, एवढं लक्षात राहिलं आणि टाचेला फोड आला. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुलगा बिचारा पोटासाठी पळत होता.

ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय ते फुकट आहे. तिकीट नाही, दार नाही, पिशवी तपासणारा नाही. शोनेबर्ग भागात बायरिशेस फिर्टेल नावाची एक खाऊनपिऊन सुखी वस्ती आहे. तिथल्या दिव्याच्या खांबांवर, आपल्या डोक्याच्या बऱ्याच वर, ८० पाट्या आहेत. पाटीच्या एका बाजूला रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. मजकूर म्हणजे १९३३ ते १९४५ या काळात ज्यूंविरुद्ध निघालेले कायदे, नियम, आदेश, आणि बहुतेकांखाली तारीख. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी १९९३ मध्ये हे स्मारक उभं केलं.

यावर बोलायचा माझा अधिकार एवढाच की ३१ वर्षं सरकारी नोकरी केली आणि त्यातली बरीचशी परिपत्रकांचे मसुदे करण्यात गेली. संदर्भ, विषय, ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’. त्यामुळे लोक स्मारक बघतात तशा या पाट्या मला बघता आल्या नाहीत. मंजुरीसाठी टेबलावर आलेला मसुदा वाचावा तसं वाचत गेलो.

मजकूर फक्त जर्मनमध्ये आहे. मला जर्मनचं अक्षर कळत नाही, आणि लेकीला दुपारभर मीटिंगा. म्हणून दुभाषी म्हणून नात बरोबर घेतली. इरा चौथीत आहे. जर्मन तिची पहिली भाषा, मराठी आजीआजोबांपुरती.

पहिली सापडली पावाची पाटी. चित्रात नुसता पाव, लहान मुलांच्या अंकलिपीत असतो तसा. इराने मागची बाजू शाळेत वाचतात तशी मोठ्यांदा वाचली आणि मग म्हणाली, “आबा, बर्लिनच्या ज्यू लोकांना खायचं सामान फक्त चार ते पाच घ्यायला अलाउड आहे. दुपारी.” मी वहीत उतरवलं: ‘बर्लिनमधील ज्यूंना खाद्यपदार्थांची खरेदी केवळ दुपारी ४ ते ५ या वेळेत करता येईल. ४ जुलै १९४०.’

लिहिलं आणि थांबलो. काहीही जुळवावं लागलं नव्हतं. सरकारी मराठीच्या साच्यात वाक्य सरळ जाऊन बसलं होतं, ‘करता येईल’ सकट. ‘करता येईल’ ही आमच्या धंद्यातली खास चीज. वाचायला परवानगी वाटते, असते बंदी. रेशनचे दिवस, कार्डावर ज्यू असल्याचा शिक्का. दुपारी चारपर्यंत दुकानात काय उरलेलं असणार, हे मसुदा करणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला कोणी सांगू नये. आम्हाला सगळं ठाऊक असतं.

एक आठवलं ते लिहितो, मग पुढे जातो. अभ्यागतांनी दुपारी ३ ते ५ याच वेळेत भेटावं, असं एक परिपत्रक मीही काढलं होतं. सव्वापाचला एक म्हातारे गृहस्थ आले, दोन एसट्या बदलून. शिपायाने भिंतीकडे बोट दाखवलं. मी आत बसून ऐकत होतो, उठलो नाही. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे मला कळतं. माझ्या कागदाने कोणी उपाशी राहिलं नाही. पण भिंतीकडे दाखवलेलं ते बोट मला त्या खांबाखाली दिसलं, त्याला मी काय करू?

पुढच्या पाट्या भराभर सापडत गेल्या. बाजूला काय आहे ते बघून पाटी लावलेली असते, हे थोड्या वेळाने कळतं. पोहायचा लंगोट: बर्लिनमधल्या जलतरण तलावांत ज्यूंना प्रवेश नाही, ३ डिसेंबर १९३८. थर्मामीटर: ज्यू डॉक्टरांना व्यवसाय करता येणार नाही, २५ जुलै १९३८. ठिक्कर खेळायच्या चौकटी: आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळू नये, १९३८. ही वाचताना इराचा आवाज खणखणीत लागला होता. कुत्रा घेऊन चाललेला एक माणूस रस्त्यापलीकडून थांबून आमच्याकडे कपाळाला आठ्या घालून बघायला लागला. दहा वर्षांची, आपल्यासारख्या रंगाची पोरगी भर रस्त्यात ‘ज्यूंना मनाई, ज्यूंना मनाई’ असं ओरडते आहे म्हणजे काय! मग त्याने वर पाहिलं, पाटी दिसली, मान हलवली आणि गेला.

१९९३ मध्येही असंच झालं होतं म्हणे. पाट्या लावायला सुरुवात झाली तेव्हा काही रहिवाशांना वाटलं की हा खरोखरीचा ज्यूविरोधी प्रचार सुरू झाला. पोलिसांकडे तक्रारी गेल्या, काही पाट्या उतरवाव्या लागल्या. मग हे स्मारक आहे असं सांगणारी छोटी पट्टी जोडून त्या परत चढवल्या. मला ते तक्रार करणारे रहिवासी आवडले. मागच्या खेपेला तक्रारी फार आल्या नव्हत्या.

मांजराच्या पाटीशी आमचं घोडं अडलं. चित्रात मांजर. मागे: ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १५ मे १९४२. इराला वर्षभरापासून मांजर हवं आहे आणि तिची आई नको म्हणते आहे. ती विचारत राहिली, “मग त्यांची मांजरं कुठे गेली?” मी म्हटलं, आईला विचारू. खरं उत्तर मला त्या रात्री लेकीने सांगितलं. प्राणी दुसऱ्या कोणाला देऊन टाकायचीही सोय नव्हती. ड्रेस्डेनमध्ये व्हिक्टर क्लेम्पेरर नावाचे प्राध्यापक होते, भाषेचे अभ्यासक, रोजनिशी लिहायचे. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपला म्हातारा बोका त्याच महिन्यात डॉक्टरकडे नेऊन स्वतःच संपवला, सरकारच्या हाती पडण्याआधी. इराला आम्ही अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. पाट्या तारखेच्या क्रमाने लावलेल्या नाहीत. १९४२ च्या शेजारी १९३३, मग १९३८. कलाकारांच्या दृष्टीने ते बरोबर असेल, रस्त्यावर माणूस चालेल तसा चालतो. पण माझा हात वळवळत होता. रात्री जेवण झाल्यावर वहीतल्या नोंदी मी तारीखवार लावल्या, आवक नोंदवही लिहितात तशा.

सर्वांत वर आली सरकारी नोकरी: ७ एप्रिल १९३३ चा कायदा, ज्यू कर्मचाऱ्यांना काढण्याचा. त्याचं नाव काय, तर ‘व्यावसायिक नोकरशाहीच्या पुनःस्थापनेचा कायदा’! विषय कसा लिहावा हे या लोकांकडून शिकावं. त्याच महिन्यात क्रीडामंडळं. ऑगस्टमध्ये गायनमंडळं, १६ ऑगस्ट १९३३. समूहात गाणं बंद. कोणी मेलं नाही, कोणाची भाकरी गेली नाही. अशा परिपत्रकावर माझ्या साहेबांनी वर न बघता सही केली असती. मग १९३८ मध्ये डॉक्टर, रस्त्यांची नावं, माणसांची नावं, टपाली कबुतरं, तलाव. १९३९ मध्ये वस्तीतल्या बायरिशर प्लाट्झ या चौकातल्या बागेत फक्त पिवळी खूण केलेल्या बाकांवर बसायचं. २३ सप्टेंबर १९३९ ला रेडिओ जमा करायचे, आणि तो दिवस नेमका त्यांच्या योम किप्पूरचा, वर्षातल्या सर्वांत पवित्र उपासाचा. १९४० मध्ये टेलिफोन तोडले. सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येकाच्या छातीवर पिवळा तारा. १८ ऑक्टोबर १९४१ ला बर्लिनहून पहिली आगगाडी पूर्वेकडे गेली. आणि २३ ऑक्टोबरला देश सोडून जायलाच बंदी. तोवर ‘निघून जा’ म्हणत होते.

माझा समज असा होता की गाड्या सुटू लागल्यावर परिपत्रकं थांबली असतील. मारायलाच न्यायचं तर आणखी नियम कशाला? पण वहीचं पान सगळ्यात भरलं ते १९४२ चं. फेब्रुवारीत बेकरीवाल्यांनी पाटी लावायची: ज्यूंना आणि पोलिश लोकांना केक मिळणार नाही. मेमध्ये मांजरं. ११ जूनला सिगारेट. २२ जूनला अंडी. १० जुलैला ताजं दूध. शेजारच्या इमारतीतलं एकेक घर रिकामं होत होतं आणि कुठल्याशा टेबलावर कोणीतरी बसून अंड्यांचा मसुदा करत होतं. त्याला वरून कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्याच्या टेबलाचा विषय अंडी होता, म्हणून त्याने अंड्यांचं काढलं. हे मी नोकरीच्या अनुभवावर सांगतो. प्रत्येक विभागाला आपलं एक परिपत्रक हवं असतं.

व्याख्येचं सांगायचं राहिलं. कुठल्याही कायद्यात खरी कमाई व्याख्येच्या कलमात असते. एप्रिल १९३३ मध्ये आजीआजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी नोकरी जायला पुरेसं होतं. ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणारे न्यूरेंबर्गचे कायदे १५ सप्टेंबर १९३५ चे. पण त्यांत ज्यू कोणाला म्हणायचं हेच लिहिलेलं नव्हतं, ते १४ नोव्हेंबरच्या पुरवणी नियमात आलं: चारपैकी तीन. दोन असतील तर पोटनियम. आणि आजी ज्यू होती हे ठरवायचं कशावरून? ती कुठल्या धर्मसंस्थेच्या नोंदवहीत होती त्यावरून. रक्ताचं शास्त्र म्हणून एवढा गाजावाजा, आणि पुरावा शेवटी जुन्या वहीतल्या एका ओळीचा.

या कायद्यांवरचं भाष्य लिहिणाऱ्यांत गृहमंत्रालयातला हान्स ग्लोब्के हा अधिकारी होता. ज्यू पुरुषांच्या नावात ‘इस्राएल’ आणि बायकांच्या नावात ‘सारा’ घालायचा ऑगस्ट १९३८ चा जो आदेश एका पाटीवर आहे, त्याच्या मसुद्यातही त्याचा हात होता. युद्धानंतर हाच ग्लोब्के पश्चिम जर्मनीत चान्सलर आडेनाउअर यांच्या कार्यालयाचा प्रमुख झाला, १९५३ ते १९६३. चांगला मसुदा करणारा माणूस कुठल्याही सरकारला लागतो.

पोलिश लोकांचा उल्लेख आला म्हणून. या खांबांवर ज्यूंबद्दलचेच आदेश आहेत आणि ते योग्यच, ही वस्ती त्यांची होती. १९३३ मध्ये शोनेबर्गमध्ये सुमारे १६,००० ज्यू राहत होते, आइन्स्टाइनही १९३२ च्या अखेरपर्यंत इथलेच. ते हाबरलांड रस्त्यावर राहायचे. वस्ती वसवणाऱ्या हाबरलांडचं नाव रस्त्याला होतं, तो ज्यू म्हणून १९३८ मध्ये पुसलं, १९९६ मध्ये एका भागाला परत दिलं. पण ज्यांना पूर्ण चित्र हवं त्यांनी पाय आणखी थोडे दामटावेत. नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनच्या भिंतीवर गुलाबी दगडाचा त्रिकोण आहे, समलैंगिक पुरुषांसाठी. त्यांच्याविरुद्धचं कलम १७५ जुनंच होतं. नाझींनी ते १९३५ मध्ये कडक केलं आणि पश्चिम जर्मनीत ते त्याच कडक शब्दांत १९६९ पर्यंत चालू राहिलं. सरकार गेलं, कलम राहिलं.

सिंटी आणि रोमा, म्हणजे ज्यांना ‘जिप्सी’ म्हणून हिणवलं जायचं त्या लोकांचं स्मारक संसदेजवळ आहे, एक गोल काळं तळं, २०१२ चं. उशीर का झाला याचं उत्तर पुन्हा फायलीतच आहे. १९३६ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर, १६ जुलैला, बर्लिनच्या पोलिसांनी सुमारे ६०० सिंटी-रोमा उचलून मार्त्सानला सांडपाण्याच्या शेतांशेजारी नेऊन ठेवले. कागदोपत्री कारण वंश नव्हतं, गुन्हे-प्रतिबंध होतं. तेवढ्या एका शब्दावर बोट ठेवून पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ठरवलं की १९४३ पूर्वी त्यांच्यावर जे झालं ते वांशिक छळात बसत नाही, सबब भरपाई नाही. १९६३ मध्ये तो निकाल फिरवला. मधल्या सात वर्षांत किती अर्जदार गेले असतील ते असतील.

वस्तीच्या टोकाला शोनेबर्गचं राटहाउस, म्हणजे नगरभवन आहे, केनेडींच्या भाषणाचं. आत ‘आम्ही शेजारी होतो’ या नावाचं प्रदर्शन आहे, तेही फुकट. पाट्या पाहून झाल्यावर इथे जाच, पण आधी नको. टेबलांवर दिवे, प्रत्येक टेबलावर एकेका कुटुंबाचा अल्बम, वाचनालयात बसल्यासारखं बसून वाचायचं. भिंतींवर हाताने लिहिलेली कार्डं आहेत, इथून नेलेल्या सहा हजारांहून अधिक माणसांची, रस्त्यावार लावलेली. मी सवयीने अक्षर तपासायला गेलो. एकाच हातचं नाही, काही तिरपं, काही गोल. ज्यांनी नेलं त्यांच्या याद्या टंकलिखित होत्या. लेक तोवर पोचली होती. तिने तिच्या रस्त्याचं नाव शोधलं, सापडलं. चौदा कार्डांपर्यंत मोजली आणि मोजणं सोडून दिलं.

तिथेच मला कळलं की नेण्याआधी प्रत्येकाकडून मालमत्तेचा १६ पानी फॉर्म भरून घ्यायचे. खुर्च्या किती, चादरी किती, गळपट्ट्या किती. आणि २५ नोव्हेंबर १९४१ चा नियम असा की ज्यू माणूस परदेशी राहायला गेला की त्याचं नागरिकत्व संपतं आणि मालमत्ता सरकारजमा होते. गाडीने सरहद्द ओलांडली की झाला तो परदेशी राहायला गेला. या नियमाचा मसुदा मी तीनदा वाचून घेतला. त्यात एकही चूक नाही.

पाट्यांतली शेवटच्या तारखेची पाटी शोधायला दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. १६ फेब्रुवारी १९४५: ज्यूविरोधी कारवायांसंबंधीच्या सर्व फायली नष्ट कराव्यात. आमच्याकडे अभिलेखाचे अ, ब, क, ड वर्ग असतात, अ कायमचा, ड वर्षभराचा. नष्ट करायची यादी बनते, यादीवर सही होते, आणि ती यादी फायलीला लागते. या पाटीखाली मी बराच वेळ उभा होतो. ज्याने हा आदेश टाइप केला त्याने त्याची स्थळप्रत ठेवली असणार. नसती ठेवली तर ती खांबावर कशी आली असती?

आता कामाच्या गोष्टी. भुयारी रेल्वेने बायरिशर प्लाट्झला उतरा, यू-४ आणि यू-७ दोन्ही थांबतात. नकाशाचे मोठे फलक तीन जागी आहेत, पैकी एक इथेच. तो फोनवर टिपून घ्या. ८० च्या ८० पाहायचा हट्ट नको, आम्हाला साडेतीन तासांत ५१ सापडल्या. मान दुखते. उन्हाळ्यात झाडांची पानं काही पाट्या झाकतात. जर्मन येणारं माणूस बरोबर हवं. फोनवरचं भाषांतर चालतं, पण लहान मूल असेल तर उत्तम, फक्त मांजराच्या पाटीची तयारी करून जा. म्युन्शेनर रस्त्यावरच्या शाळेचं आवार चुकवू नका. तिथे पूर्वी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ होतं, आणि आता सहावीतली मुलं दरवर्षी एकेका विटेवर इथल्या एकेका ज्यू माणसाचं नाव लिहून भिंत वाढवत असतात.

पाचपैकी पाच. २२ युरोच्या सहलीला दोन.

लेक म्हणते पानं गळल्यावर या, डिसेंबरात सगळ्या पाट्या स्वच्छ दिसतात. मात्र दुपारी लवकर निघा. तिथे डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो. पावाच्या त्या तासाला आता निदान रस्त्यावरचे दिवे तरी लागतात, युद्धामुळे तेव्हा तेही बंद असायचे.